जुनी पिकअप घेताना गाडीखाली वाकून पाहा

आपले पुष्कळ बांधव कापड, फळे, कांदा, भंगार अशा मालाच्या धंद्यात आहेत. दुकानात बसून गिऱ्हाइकाची वाट पाहण्यापेक्षा माल घेऊन आठवडे बाजार गाठणे भाग पडते. त्यासाठी पिकअप लागते. नवी परवडत नाही, म्हणून जुनी घेतली जाते. घेताना आपण इंजिनाचा आवाज ऐकतो, टायर पाहतो, कागद तपासतो. गाडीखाली वाकून मात्र कोणी पाहत नाही. आम्हीही पाहिले नव्हते.

२०१७ साली आम्ही एक जुनी पिकअप घेतली. मागून ती चांगली चार बोटे उंच होती. विकणारा म्हणाला, "शेठ, कितीही भरा, गाडी बसणार नाही." आम्हाला ती तारीफ वाटली. त्याच पावसाळ्यात करंजी घाटात एका उतारावर आमच्या पुतण्याने ब्रेक दाबला. पुढची चाके जाम झाली, मागच्या चाकांनी जोर धरला नाही आणि गाडी न वळता सरळ कडेच्या चारीत गेली. अल्लाहच्या कृपेने जीव वाचला. कापडाच्या गाठी भिजल्या. नगरला पाटेवाल्याने गाडी पाहून सांगितले, "चाचा, ही गाडी उंच केलेली आहे. दोन पाटे जादा आहेत आणि खाली ठोकळाही घातलाय."

गाडी उंच का करतात?

आपल्या जिल्ह्यात ऊस, कांदा, विटा, वाळू हा जड माल. गाडी भरली की मागून बसते. ती बसू नये म्हणून जादा पाटे घालतात. यामुळे गाडीची ताकद वाढली असे वाटते, पण तो गैरसमज आहे. पाटे वाढले तरी ॲक्सल, ब्रेक, टायर आणि चासी तीच राहते. शिवाय कापडासारखा माल जागा जास्त घेतो, वजन कमी भरतो. कडक पाट्यांवर अशी गाडी उड्या मारते, खड्ड्यात चाक रस्ता सोडते आणि उंचीमुळे वळणावर जास्त कलते.

सर्वात मोठा धोका ब्रेकचा आहे. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलपासून चासीपर्यंत एक बारीक दांडी असते. ती ब्रेकच्या एका वॉल्व्हला जोडलेली असते. माल भरला की चासी खाली येते, दांडी हलते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. गाडी रिकामी असली की दाब कमी होतो. गाडी उंच केली की वॉल्व्हला वाटते, गाडी रिकामीच आहे. माल भरलेला असतानाही मागचा ब्रेक कमी लागतो. आमच्या गाडीचे हेच झाले होते.

कसे ओळखावे?

१) गाडी सपाट जागेवर रिकामी उभी करावी. चारही टायरची हवा बरोबर असावी. प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने माप घ्यावे. डाव्या-उजव्या बाजूत बोटभर फरक असेल तर कारण शोधावे. त्याच मॉडेलची न छेडलेली गाडी मिळाल्यास मापे ताडून पाहावीत.

२) पाटे मोजावेत. एखाद्या पाट्याचा रंग, गंज किंवा जाडी वेगळी दिसली तर तो नंतर घातलेला असू शकतो.

३) ॲक्सल आणि पाट्यांच्या मध्ये लोखंडी ठोकळा आहे का पाहावे. यू बोल्ट नवे आणि लांब असतील तर संशय घ्यावा. शॅकलही लांब केलेली असू शकते.

४) शॉकअप पूर्ण ताणलेले आहेत का, वॉल्व्हची दांडी वाकवलेली किंवा तारेने बांधलेली आहे का, हे पाहावे.

५) गाडी चालवून पाहावी. वेग घेताना खालून घरघर आली तर शाफ्टचा कोन बिघडून क्रॉस खराब झालेला असू शकतो.

दुरुस्ती कशी करून घ्यावी?

हे काम घरी जॅक लावून करू नये. ताणलेला पाटा सुटला तर जीव घेतो. कारागिराकडून जादा पाटे आणि ठोकळा काढून कंपनीच्या मापाचे पाटे बसवावेत. यू बोल्ट जुने वापरू नयेत, नवेच घ्यावेत. बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळावेत, नाहीतर बुश पिळून लवकर फाटतात. चार-पाचशे किलोमीटर चालल्यावर यू बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत. वॉल्व्हची दांडी कंपनीच्या मापाने लावावी. शेवटी अलाइनमेंट आणि हेडलाइट तपासावेत.

काही गाड्यांना पुढे टॉर्शन बार असतो. त्याचा बोल्ट आवळला की पुढची बाजू उचलते. लोक समजतात की स्प्रिंग कडक झाली. प्रत्यक्षात फक्त उंची वाढते आणि खड्ड्यात चाकाला खाली जायला जागा उरत नाही. तो खाली आणताना दोन्ही बाजूंचे फेरे मोजून थोडे थोडे सोडावेत, गाडी पुढे-मागे हलवून माप घ्यावे आणि नंतर अलाइनमेंट करावी.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीतील तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे पडतील असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा मालाचा दंड वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार असा आहे. आरसीवर भरलेल्या व रिकाम्या गाडीचे वजन दिलेले असते. त्यांची वजाबाकी केली की ड्रायव्हर, क्लीनर धरून गाडी किती पेलते ते कळते. तेवढेच भरावे. अपघात झाला तर असे बदल विमा कंपनीला क्लेम अडवायला निमित्त देतात.

आमची गाडी मूळ मापावर आली आणि पाच वर्षे चांगली चालली. विकताना आम्ही घेणाऱ्याला गाडीखाली वाकायला लावले आणि चारीतला किस्साही सांगितला. सौदा थोडा कमी झाला. पण हजरत मुहम्मद पैगंबरांनी (स.) बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, आतला ओला माल वर का ठेवला नाही असे विचारले आणि फसवणाऱ्याशी आपले नाते नाकारले, ही हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. जुनी गाडीही तसाच ढीग आहे. घेणाऱ्याने आत हात घालावा आणि विकणाऱ्याने ऐब वर ठेवावा. त्या सौद्यातच बरकत आहे.