नीसची खानावळ: एकाच चुलीवर फ्रान्स आणि इटली

१९९६ साली दोमिनिक ल स्तांक या शेफने नीसमधल्या नेग्रेस्को हॉटेलातली नोकरी सोडली. नोकरी साधीसुधी नव्हती. तिथल्या ‘शांतक्लेर’ रेस्तराँचं स्वयंपाकघर त्याच्या हाताखाली होतं, मिशलॅनचे दोन स्टार होते. ते सगळं मागे ठेवून त्याने ‘ला मेरेंदा’ ही इवलीशी खानावळ चालवायला घेतली. दोन डझन माणसं कशीबशी मावतील एवढी जागा आणि पाठ टेकायची सोय नसलेली स्टुलं. फोन नव्हता, कार्डही चालत नसे. टेबल हवं तर स्वतः दारात जाऊन सांगायचं. पदार्थांची यादी खडूने पाटीवर लिहिलेली.

त्या पाटीवर काय असे? पिस्तूतला पास्ता, वाइनमध्ये शिजवलेलं बीफ, सुकवलेल्या कॉडचा रस्सा, भरलेले सार्डिन मासे, झुकिनीच्या फुलांची भजी. यातलं फ्रेंच किती आणि इटालियन किती, हे विचारायचा मोह होतो. एरवी ‘फ्रेंच आणि इटालियन’ म्हणवणाऱ्या रेस्तराँत मेनूकार्डाचे सरळ दोन भाग असतात, अलीकडे कांद्याचं सूप आणि पलीकडे पिझ्झा. नीसमध्ये तशी वाटणी करताच येत नाही.

त्याचं कारण इतिहासात आहे. १३८८पासून जवळजवळ पावणेपाचशे वर्षं, मधला फ्रेंच राज्यक्रांतीनंतरचा काळ सोडला तर, नीस पुढे इटलीवर राज्य केलेल्या सव्हॉय घराण्याकडे होतं. २४ मार्च १८६०च्या तूरिन कराराने ते फ्रान्सकडे गेलं. इटलीच्या एकीकरणात फ्रेंच सम्राट तिसऱ्या नेपोलियनने जी मदत केली, तिचा हा मोबदला. पुढच्याच महिन्यात सार्वमतही उरकलं. मराठी वाचकाला मॅझिनीच्या जोडीने ठाऊक असलेला गॅरिबाल्डी मूळचा नीसचा. त्याने याला कडाडून विरोध केला, पण उपयोग झाला नाही. झेंडा बदलला, शाळेची भाषा बदलली. घराघरांतला स्वयंपाक मात्र इटलीतल्या जेनोआच्या किनाऱ्याशी असलेलं नातं सोडायला तयार नव्हता.

सोक्का घ्या. हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ, एवढंच. आपल्या बेसनाच्या पोळ्याचा चुलतभाऊच, फक्त तो तव्यावर न टाकता तांब्याच्या मोठ्या परातीत ओतून लाकडाच्या भट्टीत भाजतात. वरून करपट डाग, आतून मऊ, आणि भरपूर मिरपूड. जेनोआत हाच पदार्थ फारिनाता म्हणून खातात. पिस्तूचंही तसंच. बेझिल, लसूण, ऑलिव्ह तेल हे जेनोआच्या पेस्तोशी जुळतं, पण पेस्तोतले चिलगोजे यात नसतात.

माझ्या मते नीसच्या स्वयंपाकाचं सगळं शहाणपण तिथल्या राव्हिओलीत आहे. आदल्या दिवशी दोब होतो. बीफचे मोठे तुकडे रेड वाइन, कांदा, गाजर आणि सुक्या मशरूमसोबत मंद आचेवर तासन्‌तास शिजतात. पहिल्या दिवशी तो तसाच खायचा. उरलेलं मांस दुसऱ्या दिवशी बारीक करायचं. त्यात पालकाच्या कुळातली चार्डची पानं उकडून, घट्ट पिळून घालायची, मग अंडं आणि चीज. हे सारण पातळ लाटलेल्या पिठात भरून राव्हिओली उकळायची आणि त्यावर दोबचाच उरलेला रस ओतायचा. शिजवायची रीत फ्रान्सच्या प्रोव्हान्सची, पारी इटलीची, आणि वाया काहीच जात नाही.

असा स्वयंपाक शंभर टेबलांच्या रेस्तराँत नेला की बिघडतो, असं मला ठामपणे वाटतं. कालच्या भांड्यात किती उरलं, यावर आजची राव्हिओली ठरते. छापील मेनूला हे झेपत नाही. लहान जागा, थोडे पदार्थ आणि पुसता येणारी पाटी ही ला मेरेंदासारख्या खानावळीत हौस नाही, त्या स्वयंपाकाची गरज आहे.

शाकाहारी मंडळींनी नीसला गेल्यावर सोक्का बिनधास्त मागवावा. पिसालादिएर मात्र कांद्याचा साधा पाव समजून उचलू नये. मऊ परतलेल्या कांद्याखाली किंवा वर अँकोव्ही मासा असतोच, आणि तो काढून द्या म्हटलं तर बेकरीवाल्याला ते मुळीच रुचत नाही.