नवा ट्रस्ट कशाला? जुन्याला हात द्या!

आपल्या मोहल्ल्यात एखादी गरज दिसली की पहिला ठराव होतो तो नवी संस्था काढण्याचा. अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार ठरतात, शिक्का तयार होतो, पावतीपुस्तके छापून येतात. ज्या गरीब मुलाच्या फीसाठी ही धावपळ सुरू झाली, त्याची फी मात्र थकलेलीच राहते.

मालेगाव-भिवंडीसारख्या यंत्रमागाच्या गावांत हा प्रश्न लहान नाही. मंदी आली, माग बंद पडू लागले की मजुराच्या घरातला आठवी-नववीचा मुलगा दप्तर ठेवून कांड्या भरायला बसतो. त्याला मदत त्याच महिन्यात हवी असते. एकदा सुटलेली शाळा पुन्हा धरणे कठीण.

आम्ही व्यापारी माणसे. दुकान उघडण्यापूर्वी चालू खर्च किती, हे आधी पाहतो. संस्थेचेही तसेच आहे. 1860 च्या कायद्याखाली सोसायटी नोंदवायला किमान सात माणसे लागतात. पुढे धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दरवर्षी 31 मार्चला हिशेब बंद करून तपासणी, विश्वस्त बदलला की 90 दिवसांत फेरफार अर्ज. हे सारे गरजेचेच आहे, कारण पैसा लोकांची अमानत असतो. पण एकाच गल्लीत चार संस्था असतील, तर हा खर्च चार वेळा होतो आणि विद्यार्थ्यांच्या वाट्याला तेवढे कमी येते.

'पण आमचे नाव कसे राहील?' असे काही बांधव विचारतात. मुंबईची अंजुमन-ए-इस्लाम 1874 साली स्थापन झाली. साबू सिद्दीक यांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय हीच अंजुमन चालवते. देणाऱ्याचे नाव राहिले, कारभार जुन्या संस्थेने सांभाळला.

मग करावे काय? पहिली गोष्ट, शहरात आधीच काम करणारी संस्था शोधा. नोंदणी क्रमांक आणि मागच्या तीन वर्षांचे तपासलेले हिशेब मागा. चांगला चालक हिशेब दाखवायला कचरत नाही. देणगीबरोबर पत्र द्या: 'ही रक्कम अमुक शाळेतील नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांच्या फीसाठीच वापरावी.' संस्थेने ती अट मान्य केल्याचे लेखी घ्या आणि वर्षाअखेर किती मुलांना मदत मिळाली ते विचारा. रक्कम चेकने द्या. जुन्या करपद्धतीत देणगीवर आयकर सवलत मिळते, पण 2,000 रुपयांवरील रोख देणगीला ती मिळत नाही. जकातीची रक्कम देत असाल तर तसे स्पष्ट लिहा. बहुतेक उलेमांच्या मते ती हकदाराच्याच हाती पडली पाहिजे. इमारत व पगारासाठी वेगळी देणगी द्यावी.

दुसरी गोष्ट, माल. रोकड नसेल तर दुकानात कापड आहे. एका मुलाच्या शर्टाला साधारण दीड मीटर धरले, तर 90 मीटर कापडात 60 शर्ट होतात. एका व्यापाऱ्याने कापड द्यावे, चार टेलर बांधवांनी पंधरा-पंधरा शर्ट शिवून द्यावेत. शाळेच्या मुख्याध्यापकांकडून आधी मापे आणि रंग विचारून घ्यावा, म्हणजे कापड वाया जात नाही. यासाठी कोणत्या घटनेची वा ठरावाची गरज नाही.

तिसरी गोष्ट, वेळ आणि हुन्नर. शिक्षण हक्क कायदा 2009 प्रमाणे सरकारी व पालिकेच्या शाळांत व्यवस्थापन समिती असते आणि तिचे तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. आपली मुले पालिकेच्या उर्दू शाळेत असतील, तर त्या समितीवर जा. कोण शाळा सोडण्याच्या बेतात आहे, हे तिथे सर्वांत आधी कळते. ज्याला वही लिहिता येते त्याने महिन्याचे दोन तास संस्थेचा हिशेब लिहून द्यावा. कारखानदाराने 1961 च्या अप्रेंटिस कायद्याखाली शिकाऊ उमेदवार घ्यावा. शिकलेल्या मुलाला काम मिळाले की शेजारच्या घरातला मुलगाही शाळेत टिकतो.

नवी संस्था कधीच काढू नये, असे आमचे म्हणणे नाही. शहरात ते काम कोणीच करत नसेल, जुन्या संस्था हिशेब दाखवत नसतील आणि पाच-सात माणसे दहा वर्षे राबायला तयार असतील, तर जरूर काढा. पण आधी दोन वर्षे जुन्या संस्थेत काम करून पाहा. धंद्यातही मुलाला आपण आधी पेढीवर बसवतो, मगच वेगळे दुकान देतो.

बांधवांनो, शाळेची फी भरण्याची मुदत जवळ आली की नव्या संस्थेची बैठक बोलावू नका. जवळच्या शाळेत जा, फी थकलेल्या मुलांची यादी मागा आणि त्यातल्या एका मुलाची जबाबदारी घ्या.