झडतीची मर्यादा

चाकण, भोसरी व पिंपरी येथील कारखान्यांची दुसरी पाळी सुटते, तेव्हा रात्र बरीच झालेली असते. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कित्येकांचे वडील त्या वेळी रिकामा डबा घेऊन घराकडे निघतात. वाटेत नाकाबंदी लागते. शिपाई गाडी थांबवितो, कागद पाहतो, प्रसंगी पिशवीही उघडावयास सांगतो. अशा वेळी पोलिसांचा अधिकार कोठवर चालतो, हे मुलांनी व पालकांनी जाणून घ्यावे, म्हणून हा अल्प प्रयत्न.

पोलिसांस अधिकारच नसावा, असे आमचे म्हणणे नव्हे. गणवेशधारी पोलिसाने मागितल्यास चालकाने परवाना दाखविलाच पाहिजे. 1951 च्या पोलीस अधिनियमाच्या 122 व्या कलमान्वये रात्री घरफोडीची हत्यारे योग्य कारणावाचून जवळ बाळगणे हा अपराध होय. परंतु पाना, पक्कड व पेचकस तर फिटरच्या पिशवीतही असतात! तेव्हा हत्यार कोणते, यापेक्षा कारण कोणते, हे पाहणे अगत्याचे ठरते.

घराच्या झडतीविषयी कायदा पुष्कळ दक्ष आहे. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे अशा झडतीस दोन प्रतिष्ठित पंच हवेत, जप्त वस्तूंची यादी व्हावी, तिची प्रत घरमालकास मिळावी आणि सर्व कृतीचे चित्रण व्हावे. स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच, मर्यादा राखून घ्यावी. अमली पदार्थांच्या संशयावरून अंगझडती घ्यावयाची असेल, तर राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर ती व्हावी, अशी मागणी करण्याचा हक्क 1985 च्या कायद्याने दिला आहे. आणि हा हक्क संशयितास आधी सांगितलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1999 साली ठरविले.

रस्त्यावर थांबवून घेतल्या जाणाऱ्या झडतीसाठी मात्र असा एकच स्पष्ट कायदा आपल्याकडे नाही. इंग्लंडात 1984 च्या कायद्यान्वये शिपायाने आपले नाव, ठाणे व संशयाचे कारण सांगावे लागते आणि झडतीची नोंद ठेवावी लागते. आपल्याकडेही तसा कायदा व्हावा, असे आम्हांस वाटते.

कारण लिहून न ठेविल्यास संशय कृत्यावरून आला की मळक्या कपड्यांवरून व परक्या बोलीवरून, हे कसे कळावे? 1871 साली सुरू झालेल्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने जन्मावरूनच माणसास संशयित ठरविले, हजेरी लावावयास भाग पाडले व वसाहतींत कोंडले. त्यांपैकी काही वसाहती ख्रिस्ती मिशनांनीच चालविल्या, हेही आम्ही लपवीत नाही. तो कायदा 1952 साली रद्द झाला. परंतु त्या जमातींच्या कपाळीचा संशय अद्याप पुरता पुसला गेलेला नाही.

यरुशलेमेत संत पौलास फटके मारण्यासाठी बांधले, तेव्हा त्याने हात उगारला नाही की पळ काढला नाही. दोषी न ठरलेल्या रोमी नागरिकास फटके मारणे कायदेशीर आहे काय, एवढेच त्याने शताधिपतीस विचारले; आणि फटके टळले. आमच्या मुलांनीही हाच धडा घ्यावा. पोलिसांनी थांबविल्यास थांबावे, कागद दाखवावेत, उद्धट बोलू नये. मात्र कारण काय, हे नम्रपणे विचारण्यास भिऊ नये. प्रामाणिक शिपायास त्या प्रश्नाचा राग येण्याचे कारण नाही. आणि निरपराध माणसास रात्रीच्या रस्त्यावर तोच एक आधार आहे.