वाट बंद असते तेव्हा

पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्य भागातील भोर व वेल्हे हा मुलूख सह्याद्रीच्या कुशीत वसलेला आहे. वेल्हे तालुक्यास आता राजगड हे नाव मिळाले आहे. डोंगर, नद्यांची खोरी आणि कोकणात उतरणाऱ्या घाटवाटा यांमुळे येथे पायी चालणाऱ्यांची वर्दळ फार पूर्वीपासून आहे. तानाजी मालुसरे यांचे शव मढे घाटाने उमरठ्यास नेण्यात आले, असे परंपरा सांगते. आजही गुराखी, शाळकरी मुले, बाजाराला निघालेल्या स्त्रिया आणि गड पाहण्यास येणारे प्रवासी या मुलखातील वाटा तुडवीत असतात.

वाटा मात्र सदैव जशाच्या तशा राहत नाहीत. वेळवंडी नदीवर १९२७ साली भाटघरचे धरण पूर्ण झाले, तेव्हा खोऱ्याचा मोठा भाग पाण्याखाली गेला. जुलै २०२१ मधील अतिवृष्टीने भोरहून महाडला जाणारा वरंधा घाटाचा रस्ता ठिकठिकाणी खचला. कोठे रस्ता रुंद करावा लागतो, तर कोठे गडाच्या ढासळलेल्या पायऱ्या बांधून काढाव्या लागतात. ही कामे लोकांच्या हिताचीच असतात. परंतु ती चालू असताना जाणाऱ्या-येणाऱ्यांस वेळीच खबर मिळाली नाही, तर त्यांचे फार हाल होतात.

घाट बंद झाला, तर मोटार ताम्हिणी घाटाने वळसा घालून जाऊ शकते. तिचे काही तास मोडतात. पायी चालणाऱ्याचा मात्र सारा दिवस वाया जातो. डोक्यावर ओझे असेल, आभाळ भरून आले असेल किंवा सोबत आजारी माणूस असेल, तर अर्ध्या वाटेवरून परत फिरणे जिवावरही बेतू शकते.

म्हणून सूचना कोठे लावावी, याचा विचार प्रथम केला पाहिजे. समजा, राजगडाच्या चोर दरवाजाच्या वाटेवर दुरुस्ती चालू आहे. दरवाजापाशीच फलक लावला, तर तो वाचण्यासाठी माणसाला आधी सारा डोंगर चढावा लागेल. तोच फलक पायथ्याच्या गुंजवणे गावात असला, तर प्रवासी तेथूनच पाली दरवाजाच्या वाटेचा विचार करील. जेथे वाटा फुटतात आणि जेथून मागे फिरणे सोपे असते, तेच सूचनेचे योग्य स्थान होय.

सूचनेत काय असावे, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. ‘काम चालू, रस्ता बंद’ एवढ्याने कोणाचेच समाधान होत नाही. कोणती वाट बंद आहे, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, दुसरी वाट कोणती, ती किती लांब आहे आणि अधिक चौकशी कोठे करावी, या पाच प्रश्नांची उत्तरे सोप्या मराठीत व ठळक अक्षरांत द्यावीत. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी बाणाची खूण काढावी.

फलक सर्वांच्याच दृष्टीस पडतो असे नाही. पूर्वी गावात दवंडी पिटून वार्ता कळवीत असत. आज ग्रामपंचायतीचा फळा, एस.टी.चे स्थानक, शाळा, आठवड्याचा बाजार आणि भ्रमणध्वनी ही साधने हाताशी आहेत. काम लांबले तर नवी तारीख लिहावी आणि काम संपताच फलक काढून टाकावा. वाट खुली होऊनही ‘बंद’ असे सांगणारा फलक लोकांचा विश्वास घालवितो. मग पुढे खरोखरीच्या धोक्याची सूचनाही कोणी मनावर घेत नाही.

वाटसरूंचेही एक कर्तव्य आहे. आडवे लावलेले अडसर ओलांडून जाऊ नये. फलक पडला असेल तर तो उभा करावा आणि समोरून येणाऱ्यास पुढील वाटेची हकीकत सांगावी. २०२५ साली राजगडाचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत झाला. त्यामुळे दूरदूरचे लोक या मुलखात येतील. त्यांना येथील वाटांची माहिती नसेल. वेळेवर लावलेला एक साधा, खरा फलक अशा अनोळखी माणसाला सुखरूप घरी पोहोचवू शकेल.