तांब्याची पन्हळ आणि लोखंडी खिळा

जळगाव-धुळ्याकडे काळ्या दगडाची जुनी घरे अजून दिसतात. अशा घराच्या छपरावरचे पाणी भिंतीवरून ओघळत राहिले, तर दगडांच्या सांध्यांतला चुना आणि माती हळूहळू धुऊन जाते. म्हणून वळचणीला पन्हळ लावतात. पत्र्याची पन्हळ काही वर्षांनी गंजते. मग टिकाऊ तांब्याची का लावू नये?

जरूर लावता येईल. तांबे उघड्यावर आधी तपकिरी आणि बऱ्याच वर्षांनी हिरवट होते. हा घट्ट थर आतल्या धातूचे रक्षण करतो. लोखंडाच्या गंजाचे मात्र पापुद्रे सुटतात आणि आतला धातू पुन्हा उघडा पडतो. तरीही तांबे लावताना दोन गोष्टी विसरून चालत नाही.

पहिली गोष्ट प्रसरणाची. १ मीटर तांबे १ अंश सेल्सिअसला सुमारे ०.०१७ मिलिमीटर वाढते. जळगावात मे महिन्यात हवाच ४५ अंशांच्या आसपास तापते. उन्हातला धातू त्याहून अधिक. हिवाळ्यातील पहाट आणि उन्हाळ्यातील दुपार यांत धातूच्या तापमानात ५० अंशांचा फरक धरू. १० मीटरची पन्हळ किती वाढेल? १० × ५० × ०.०१७ म्हणजे ८.५ मिलिमीटर! दोन्ही टोके पक्की आवळली, तर पन्हळ वाकेल किंवा सांध्याचा डाख फुटेल. म्हणून तिला सरकायला जागा ठेवावी लागते.

दुसरी गोष्ट शेजाराची. तांब्यात लोखंडी खिळा ठोकला आणि पावसाचे पाणी दोन्हींना लागले, की छोटासा विद्युतघट तयार होतो. त्यात झिजते ते लोखंड. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यात (१८८६) तांब्याच्या पत्र्याला आतून लोखंडी पट्ट्यांचा आधार होता. मध्ये घातलेले अ‍ॅस्बेस्टॉसचे अस्तर खराब झाले आणि पट्ट्या गंजल्या. १९८६ साली पूर्ण झालेल्या दुरुस्तीत त्यांच्या जागी स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्या बसवल्या. तेव्हा पन्हळीला खिळे तांब्याचेच हवेत. तिच्यातले पाणी जस्ताच्या पत्र्यावरही पडू देऊ नये. त्या पाण्यातले किंचित तांबे जस्ताला खाते.

हे वर्गात दाखवता येईल. काचेच्या पेल्यात मोरचुदाचे पातळ द्रावण घ्या आणि घासलेला लोखंडी खिळा त्यात बुडवा. थोड्याच वेळात खिळ्यावर तांबूस थर चढेल. मोरचूद विषारी आहे. ते शिक्षकांनीच हाताळावे. मग मुलांना विचारा: तांबे खिळ्यावर चढले, तर द्रावणात काय उतरले?