चुका शोधण्याची विद्या

एक काळ असा होता की, मॅट्रिक झालेल्या मुलाला घरातील वडीलधारी मंडळी हमखास एकच सल्ला देत : "टायपिंगच्या परीक्षा देऊन ठेव. इंग्रजी चाळीस, मराठी तीस. कुठेही चिकटशील!" आता टाइपरायटरची टकटक थांबली, सल्ला मात्र थांबलेला नाही. टायपिंगच्या जागी सॉफ्टवेअर हा शब्द आला, एवढेच. मुलाच्या किंवा मुलीच्या हाती पदवी पडली की "सहा महिन्यांचा कोर्स कर" असे घरोघर ऐकू येते. त्या सहा महिन्यांत मूल नेमके काय शिकणार, हे विचारण्याच्या भानगडीत मात्र फारसे कोणी पडत नाही. फी भरण्यापूर्वी ते विचारलेले बरे, म्हणून हा लेखप्रपंच. मराठीच्या मास्तराने या विषयात का डोकवावे, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर ओघाने येईलच.

या शिक्षणाच्या ढोबळमानाने दोन शाखा. एक डेव्हलपमेंटची, म्हणजे संगणकासाठी आज्ञावली लिहिण्याची. दुसरी टेस्टिंगची, म्हणजे लिहिलेले तपासण्याची. पहिल्या शाखेत जावा (१९९५) किंवा पायथन (१९९१) यांसारखी एखादी संगणकी भाषा शिकवतात. साठवलेल्या माहितीतून हवे ते काढण्यासाठी एसक्यूएल शिकवतात. कोणती ओळ कोणी, केव्हा बदलली याची चोख नोंदवही ठेवणारे गिट (२००५) हाताळायला लावतात. आणि गंमत अशी की, ही बहुतेक साधने फुकट मिळतात! मग फी कशाची? ती वही तपासणाऱ्याची. विद्यार्थ्याने लिहिलेली प्रत्येक ओळ वाचून "हे असे का लिहिलेस?" असे विचारणारा शिक्षक जेथे असेल, तेथे पैसे वाया जात नाहीत. जेथे केवळ फळ्यावरचे उतरवून घ्यायचे, तेथे ते गेलेच म्हणून समजावे.

दुसऱ्या शाखेकडे आपल्या घरांतून जरा नाक मुरडूनच पाहिले जाते. "डेव्हलपर नाही होता आले, म्हणून टेस्टर झाला," असे चारचौघांत बोलताना मी ऐकले आहे. अशांनी ४ जून १९९६ चा दिवस आठवावा. त्या दिवशी फ्रेंच गयानातून युरोपचे एरियन-५ हे नवे रॉकेट प्रथमच झेपावले आणि सुमारे चाळीस सेकंदांत आकाशातच त्याचे तुकडे झाले. दोष इंधनाचा नव्हता, धातूचाही नव्हता. आधीच्या एरियन-४ साठी लिहिलेली आज्ञावली या नव्या रॉकेटात जशीच्या तशी बसवली होती. नव्या रॉकेटाचा आडवा वेग अधिक, त्यामुळे त्याचा आकडाही मोठा. आणि तो ठेवण्यासाठी दिलेल्या जागेत ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावतच नव्हती. पायलीचे धान्य शेरात ओतावे, तसा प्रकार! जुन्या रॉकेटावर ती आज्ञावली बिनचूक चालली होती. नव्याच्या मार्गाचे आकडे घालून ती पाहण्याचे मात्र राहून गेले होते. तपासनिसाचे काम हलके की भारी, हे वाचकांनीच ठरवावे.

हे काम शिकवतात तरी कसे? एक साधा धडा पाहा. एखाद्या अर्जात वय १८ ते ६० असले पाहिजे, असा नियम आहे. नवखा मुलगा २५, ३०, ४० असे आकडे घालतो आणि सारे ठीक असल्याचे सांगतो. शिकलेला टेस्टर १७, १८, ६० आणि ६१ घालून पाहतो. कारण चुका बहुधा सीमेवरच दबा धरून असतात. मग तो रकाना कोरा सोडतो, उणे पाच घालतो, आकड्याच्या जागी 'अठरा' असे अक्षरी लिहितो. लोक जसे वागायला हवेत तसे नव्हे, तर जसे वागतात तसे वागून पाहायचे, हे या विद्येचे सार होय.

आणि येथेच आपली मराठी कामास येते. 'क्षि' हे आपल्या डोळ्यांना एकच अक्षर. संगणकाच्या लेखी मात्र क, हलन्त, ष आणि वेलांटी अशी चार चिन्हे! नावासाठी वीस चिन्हांची मर्यादा घातलेल्या रकान्यात जोडाक्षरांनी भरलेले मराठी नाव मध्येच तुटू शकते. हे पाहण्याची बुद्धी मराठी लिहिणाऱ्या मुलाला सहज सुचावी. शिवाय चूक सापडली, की ती लिहून कळवावी लागते : काय केले, काय व्हायला हवे होते, प्रत्यक्षात काय झाले. तीन गोष्टी, स्वच्छ वाक्यांत, ओळीने. "चालत नाही" एवढेच लिहिणाऱ्याला कोण विचारतो? शाळेत निबंध टाळणाऱ्या मुलांना पुढे नोकरीत तो रोज लिहावा लागतो, तो असा.

आता थोडे व्यवहाराचे. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकसारख्या सरकारी संस्थेचा सुमारे सहा महिन्यांचा पदविका अभ्यासक्रम आहे. त्यासाठी प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. टेस्टिंगसाठी आयएसटीक्यूबीची प्राथमिक परीक्षा आहे : चाळीस प्रश्न, उत्तीर्ण होण्यास ६५ टक्के. खाजगी वर्ग तर गल्लोगल्ली आहेत. 'नोकरीची शंभर टक्के हमी' अशी पाटी दिसली, की ती हमी कागदावर मागावी आणि तिच्या अटी घरी नेऊन चष्मा लावून वाचाव्यात. गेल्या खेपेच्या दोन-चार विद्यार्थ्यांना परस्पर भेटावे. कर्ज काढून फी भरण्याआधी फुकटच्या साधनांवर मुलाला महिनाभर घरी बसू द्यावे. गोडी लागली तर कळेल. न लागली तर तेही कळेल, आणि पैसे शिल्लक राहतील.

एक शंका हल्ली सर्वांच्याच तोंडी असते. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले. आज्ञावली लिहून देणारी यंत्रे आता हाताशी आहेत. मग हे शिकून काय उपयोग? शंका रास्त आहे. नुसते लिहिता येते, एवढ्या भांडवलावर नोकरी मिळवणे कठीण होत जाणार, हे मुलांपासून लपवू नये. पण यंत्राने लिहिलेलेही चुकते, आणि ते मोठ्या ऐटीत चुकते. ते वाचून "थांबा, सतरा घातले तर काय होईल?" असे विचारणारे माणूस लागणारच. तो प्रश्न विचारायला जेथे शिकवतात, तो वर्ग आपल्या मुलासाठी निवडावा. मग त्याची पाटी लहान असली तरी चालेल.