कोष्टकाचे रकाने

सातबाऱ्याचा उतारा ज्यानें एकदां तरी हातीं धरला असेल, त्याला कोष्टकाचें महत्त्व निराळें सांगावयास नको. गांव नमुना सातमध्यें जमीन कोणाची व किती, आणि गांव नमुना बारामध्यें तींत पीक कोणतें, याची नोंद असते. डहाणू तालुक्यांतील सायवनच्या एखाद्या खातेदाराचें क्षेत्र व आकारणी आपापल्या रकान्यांत आहेत, तोंवरच त्या आकड्यांना अर्थ आहे. रकाना सुटला, कीं आकडा कशाचा हें कळण्यास मार्ग उरत नाहीं.

असें कोष्टक संगणकावर लिहावयाचें झाल्यास पुष्कळ जण 'मार्कडाउन' ही सुटसुटीत रीत वापरतात. जॉन ग्रूबर यांनीं ती २००४ सालीं प्रसिद्ध केली. साध्या मजकुरांत मथळा, यादी इत्यादींसाठीं खुणा करावयाच्या. त्यांवरून सजविलेलें पान बनविण्याचें काम 'लायब्ररी' म्हणून ओळखली जाणारी तयार आज्ञावली करते. मूळ रीतींत कोष्टकाची खूण नव्हती. ती पुढें इतरांनीं जोडली: रकान्यांमध्यें उभी रेघ, आणि शीर्षकांच्या ओळीखालीं लहान आडव्या रेघांची एक ओळ. गिटहबनें २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या नियमांत ही खूण आहे; 'कॉमनमार्क' या सामाईक नियमावलींत ती नाहीं.

त्यामुळें 'मार्कडाउन-इट'सारख्या लायब्ररींत कोष्टक मुळांतच चालू असतें, तर 'पायथन-मार्कडाउन'मध्यें तें मुद्दाम चालू करावें लागतें. न केल्यास आज्ञावली अडत नाहीं, तक्रारही करीत नाहीं; सर्व ओळी जोडून एकच परिच्छेद करते. सायवनच्या उताऱ्याची नक्कल अशी निघाली, तर क्षेत्र व आकारणी एकाच ओळींत मिसळून जातील.

कोणी म्हणेल, साध्या मजकुरांतील उभ्या रेघेचेंही चुकून कोष्टक होईल. परंतु खालची आडव्या रेघांची ओळ असल्यावांचून कोष्टक होत नाहीं, आणि ती ओळ सहसा अजाणतां लिहिली जात नाहीं. जुन्या लिखाणाचें रूप क्वचित् पालटेल, ही अडचण मात्र खरी. म्हणून हा बदल पूर्वसूचना देऊन नव्या मोठ्या आवृत्तींत करावा, आणि कोष्टक बंद करण्याची कळही ठेवावी. ज्याला कोष्टक नको, त्याला ती कळ बहुधा ठाऊक असते. ज्याला हवें, त्याला अशी कळ असते हेंच पुष्कळदां माहीत नसतें. म्हणून कोष्टक मुळांतच चालू असावें, हें रास्त.